पश्चिमेच्या खिडकीसाठी लाकूड: सागवान की ॲसिटिलेशन केलेले पाइन?

कोकणातल्या घरात लाकडाचा खरा कस लागतो तो पश्चिमेकडच्या खिडकीला. जुलैत झडप फुगून चौकटीत अडकते, मिस्त्री येऊन तिच्या कडेवर रंधा मारतो आणि झडप पुन्हा सुरळीत मिटते. पण मार्चमध्ये तीच झडप सुकून आकसली की रंधलेल्या कडेने उन्हाची उभी रेघ घरात शिरते. आमच्याकडे तीन पावसाळ्यांत ती फट करंगळी आत जाईल एवढी झाली. नवी झडप कशाची करावी, हा प्रश्न त्यातून उभा राहिला आणि ॲसिटिलेशन केलेल्या लाकडाचा मी मुळापासून विचार केला.

लाकूड फुगते ते त्याच्या पेशींच्या भित्तिकांमधील हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या अणूंच्या जोड्या, पाण्याला धरून ठेवतात म्हणून. ॲसिटिलेशनमध्ये वाळवलेल्या लाकडात दाबाखाली ॲसेटिक ॲनहायड्राइड मुरवून ते तापवतात. त्यामुळे यांतील पुष्कळ गटांच्या जागी ॲसिटिल गट कायमचे जोडले जातात, लाकडाचे वजन सुमारे 20 टक्क्यांनी वाढते आणि ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देणारा पदार्थ, उरतो. हे लेपन नव्हे. ॲसिटिल गटांनी भित्तिका आतूनच भरून निघत असल्याने लाकूड जवळजवळ फुगलेल्याच आकारात स्थिरावते, पाण्याला धरायला जागा उरत नाही आणि कुजवणाऱ्या बुरशीला लागणारी ओलही भित्तिकेत साचत नाही. हे रसायन 1928 पासून माहीत असले, तरी ‘अकोया’ या नावाने त्याचे मोठे व्यापारी उत्पादन नेदरलँड्समधील अर्नहेम येथे 2007 मध्ये सुरू झाले. त्यासाठी वापरतात ते प्रामुख्याने न्यूझीलंडचे रेडिएटा पाइन, कारण वेगाने वाढणाऱ्या या लाकडात द्रव गाभ्यापर्यंत पोचतो. घट्ट गाभ्याच्या सागवानात तो तसा मुरवता येत नाही. नेदरलँड्समधल्याच स्नेक शहरात महामार्गावरून जाणारे दोन पूल अकोयाचे आहेत, आणि त्यांवरून 60 टन भाराची वाहने जाऊ शकतात.

आता सागवानाशी तुलना. पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत सागवानाची, वाढीच्या वलयांना समांतर चिरलेली फळी रुंदीत सुमारे 5 टक्के आकसते, अकोया सुमारे दीड टक्का. म्हणजे 100 मिलिमीटरच्या फळीत एकीकडे 5 मिलिमीटर, दुसरीकडे दीड. प्रत्यक्ष ऋतुचक्रात दोन्ही आकडे यापेक्षा लहान असतात, पण त्यांतील प्रमाण साधारण तेच राहते, आणि झडपेच्या दृष्टीने हाच फरक निर्णायक आहे. टिकाऊपणाच्या बाबतीत मात्र ‘सागवान’ हा एकच शब्द फसवा ठरतो. युरोपीय मानकात आशियातील नैसर्गिक जंगलातले सागवान पहिल्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत बसते, तर लागवडीचे पहिल्यापासून तिसऱ्या श्रेणीपर्यंत कुठेही. शिवाय लवकर तोडलेल्या झाडात फिक्या रंगाचा बाहेरचा भाग जास्त असतो आणि तो वाळवीला व बुरशीला सहज बळी पडतो. आज वखारीत मिळणारे बरेचसे सागवान लागवडीचेच असते. अकोयाही पहिल्या श्रेणीत आहे, आणि तो गुण फळीच्या पूर्ण जाडीत असल्यामुळे खाच पाडली किंवा टोक कापले तरी कमी होत नाही.

उष्णतेने सुधारलेले फिनलंडच्या पद्धतीचे लाकूड, म्हणजे थर्मोवुड, सुमारे 190 ते 212 अंश सेल्सिअसला तापवलेले असते. ते कमी फुगते, पण ठिसूळ होते. भिंतीच्या किंवा छताच्या पट्ट्यांना चालेल, बिजागरीचा ताण घेणाऱ्या झडपेला मी ते घेणार नाही. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकचे द्रावण मुरवण्याची पद्धत तर आपल्याच देशातली: सोंटी कामेशम यांनी ती डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत 1933 मध्ये शोधली. वाळवीविरुद्ध ती प्रभावी आहे, मात्र फुगणे-आकसणे तिने थांबत नाही. त्या लाकडाचे तुकडे चुलीत किंवा आंघोळीच्या बंबात कधीही घालू नयेत, कारण आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरते. ॲसिटिलेशन केलेल्या लाकडात असे विषारी धातू नसतात.

त्याच्याही अटी आहेत आणि त्या मिस्त्रीला आधीच सांगाव्या लागतात. करवत लागताच भुश्शाला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. हेच उरलेले आम्ल साध्या लोखंडी व गॅल्व्हनाइज्ड स्क्रूंना खाते, म्हणून स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात, समुद्राजवळ तर 316 दर्जाच्या. लाकडाच्या भित्तिका पाणी फारसे शोषत नसल्याने पाण्यावर आधारलेला पांढरा गोंद सावकाश सुकतो. सांध्यांना पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी वापरणे योग्य. हे लाकूड सागवानाहून हलके आणि मऊ आहे, तेव्हा उंबरठ्याला ते घेऊ नये. उन्हाने तेही करडे पडते आणि पावसाळ्यात त्याच्याही पृष्ठभागावर बुरशीचे काळे ठिपके येतात, पण रंग दिल्यास तो जास्त टिकतो, कारण खालचे लाकूड हलत नाही. शिवाय ते परदेशातून येते, आणि तो खर्च किमतीत दिसतो.

म्हणून माझे मत असे: जुन्या घराचे वासे किंवा तुळया उतरवल्या असतील, तर त्यातले सागवान चौकटीला आणि उंबरठ्याला वापरावे, त्याची बरोबरी नवे लाकूड करणार नाही. जिथे नवे सागवान विकतच घ्यायचे आहे आणि झडप थेट पावसाच्या तोंडावर आहे, तिथे तेवढ्या झडपांपुरते ॲसिटिलेशन केलेले लाकूड घ्यावे. आतल्या दारांसाठी तो खर्च करण्याचे कारण नाही. पैसे देण्यापूर्वी दोन्हींचे वीतभर रुंद तुकडे मागून घ्यावेत, व्हर्नियरने रुंदी मोजून त्याच जागी पेन्सिलची खूण करावी, आठवडाभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावेत आणि त्याच खुणेवर पुन्हा मोजावे.