गुडघा दुखतो, पण मूळ खुब्यात: रावपुऱ्यातल्या नर्तकांसाठीच्या फिजिओथेरपीबद्दल

वडोदऱ्यात रावपुऱ्याकडच्या एका फिजिओथेरपी केंद्रात नर्तकांच्या गुडघा-मांडीच्या दुखण्यासाठी सहा आठवड्यांचा उपचार आहे. आठवड्याला दोन अशा बारा बैठका, बैठकीचे 400 रुपये, म्हणजे एकूण 4800. पैसे वसूल होतात, पण ते पहिल्या तपासणीत आणि शेवटच्या दोन आठवड्यांत. मधला भाग ढिला आहे.

तपासणी पाऊण तास चालते आणि तिला पैकीच्या पैकी गुण. गुडघा दुखतो म्हणून गुडघाच दाबत बसत नाहीत. पालथं झोपवून, गुडघा काटकोनात वाकवून खुबा बाहेरच्या बाजूला किती फिरतो ते मोजतात. मग अरमंडीत, म्हणजे भरतनाट्यममधल्या गुडघे बाहेर उघडून अर्धं बसण्याच्या स्थितीत, उभं करून पावलांचा कोन बघतात. समजा खुबा 40 अंश फिरतो आणि पाऊल 65 अंशांवर नेऊन ठेवलंय. वरचे 25 अंश कुठून आले? नडगीला पीळ देऊन आणि तळपायाची कमान आत पाडून. मग गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत न राहता अंगठ्याच्याही आत झुकतो आणि गुडघ्याच्या वाटीवर बाहेरच्या कडेने दाब येतो. असा पाय वर्गात ‘अजून उघड’ म्हणून उघडत नाही, तो आणखी पिळला जातो.

दुखण्याची जागा विचारायची त्यांची पद्धतही चांगली आहे. वाटीच्या मागे, आसपास कुठेतरी दुखतं, जिना उतरताना आणि बराच वेळ मांडी घालून बसल्यावर वाढतं, तर ते वाटीचं दुखणं, त्याचा एक मार्ग. वाटीच्या खालच्या टोकाला नेमकं एका बोटाने दाखवता येतं आणि कुदित्तुमेट्टूसारख्या उड्यांच्या अडवूंनी (भरतनाट्यमच्या मूळ पदन्यासांनी) चाळवतं, तर कंडरेचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं दुखणं. त्याचा मार्ग वेगळा. वाढत्या वयाच्या मुलींना वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखरा उंचवटा येतो. तिथे उड्या कमी करणं हाच मुख्य उपाय. आणि किशोरवयीन मुलाची मांडी दुखते, लंगडतो, खुबा आत वळवताना कळ येते, असं दिसलं की व्यायाम सुरूच करत नाहीत, आधी अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवून खुब्याचा एक्स-रे काढायला लावतात. हे फार बरोबर. खुब्याचं दुखणं मांडीत आणि गुडघ्यात जाणवतं, आणि तिथे उशीर महागात पडतो.

पहिले दोन आठवडे मात्र मशीनचे. पंधरा मिनिटं विजेचा सौम्य करंट, सात मिनिटं अल्ट्रासाउंड, दहा मिनिटं शेक आणि उरलेल्या वेळात घाईघाईने व्यायाम. वाटीच्या दुखण्यासाठी 2019 साली आलेल्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांमध्ये खुब्याचे आणि गुडघ्याचे व्यायाम करा, अल्ट्रासाउंड-करंट नको, असं स्पष्ट म्हटलंय. शेकाने बरं वाटतं, पण शेक घरीही घेता येतो. ‘मशीन नको’ म्हटलं तर वगळतात, बिल तेवढंच.

व्यायामांची निवड चोख आहे. कंडरेच्या दुखण्याला जाड पट्टा खांबाला बांधून गुडघ्यांमागे अडकवतात आणि मागे बसल्यासारखं वाकून 45 सेकंद स्थिर राहायला लावतात. असे पाच वेळा, मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती. वाटीच्या दुखण्याला कुशीवर झोपून, गुडघ्यांच्या वर रबरी पट्टा बांधून वरचा गुडघा उघडायचा, 12 चे तीन संच; आणि 15 सेंटिमीटरच्या पायरीवरून तीन सेकंद घेत एका पायावर खाली उतरायचं. चूक नेहमी एकाच ठिकाणी होते: कुशीवरच्या व्यायामात कंबर मागे कलते, मग काम कमरेच्या वळणाने होतं आणि खुब्याचे स्नायू सुट्टीवर. पाठ भिंतीला टेकवून केलं की कलणं लगेच कळतं. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वीइतकंच उरलं पाहिजे; नाही तर वजन किंवा संच कमी. हा नियम तोंडीच सांगतात, लिहून देत नाहीत. द्यायला हवा.

पाचव्या आठवड्यापासून नाचाकडे परतणं, आणि इथे केंद्राला नाच कळतो हे दिसतं. मिनिटाला 60 ची लय धरली तर तट्टडवूच्या (पाय आपटण्याच्या अडवूच्या) पहिल्या काळात, म्हणजे वेगात, मिनिटाला 60 आघात, दुसऱ्यात 120, तिसऱ्यात 240. दहा मिनिटं तिसरा काळ म्हणजे 2400 आघात. म्हणून आधी पहिलाच काळ, दहा मिनिटं, मग दुसरा; तिसरा काळ आणि उड्या सगळ्यात शेवटी, आणि दोन्ही एकाच दिवशी कधीच नाही. कथकवाल्यांचं ततकार (पायांच्या आघातांचं मूळ काम) आधी घुंगरांशिवाय, गुडघा मागे ताणून कुलूप न लावता. मुळुमंडी (पूर्ण खाली बसणं) आणि त्या बैठकीतले मंडी अडवू सहा आठवड्यांतही बहुधा बसत नाहीत. ते आधीच सांगितलं तर पालक कमी चिडतील.

उणिवा आणखी आहेत. जमीन टाइल्सची, त्यामुळे पाय आपटून बघण्याची चाचणी सतरंजीवर उरकतात. संध्याकाळच्या वेळा नेमक्या नृत्यवर्गांच्या वेळा. काउंटरवर गुडघ्याची कॅप खपवतात; वर सांगितलेल्या सूचना वाटीच्या दुखण्याला कॅप देऊ नका म्हणतात. टेपिंगचा (वाटीवर चिकटपट्टी लावण्याचा) उपयोग पहिल्या काही आठवड्यांपुरता, आणि टेप लावून व्यायाम केला तरच.

गरबेवाल्यांसाठी वेगळं काही नाही, ही वडोदऱ्यात मोठीच उणीव. फेर कायम एकाच दिशेने, म्हणून दोन्ही पायांना सारखा भार नाही. व्यायाम मात्र दोन्हीकडे सारखेच मोजून देतात. आणि नवरात्रीच्या आठ दिवस आधी गर्दी होते, तेव्हा टेप आणि शेक यापलीकडे काही शक्य नसतं. सहा आठवडे उलटे मोजून नाव नोंदवा. पहिल्या दिवशी शॉर्ट्स, घुंगरू आणि आपल्याच अरमंडीचा समोरून व बाजूने काढलेला एकेका मिनिटाचा व्हिडिओ घेऊन जा. तपासणीतली दहा मिनिटं वाचतात.