अपेंडिक्समधली गाठ: सीटी, कोलोनोस्कोपी की एंडोसोनोग्राफी?

आत्या दांडिया बाजारातून रिक्षा करून थेट माझ्या सेंटरवरच आली. पिशवीत दोन कागद होते. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर लिहिलं होतं: उजव्या अंडाशयाच्या बाजूला लांबट, द्रव भरलेली गाठ, अपेंडिक्सचा म्युकोसील असण्याची शक्यता. म्युकोसील म्हणजे आत चिकट म्यूकस साठून फुगलेलं अपेंडिक्स. दुसरा कागद एंडोसोनोग्राफीची, म्हणजे दुर्बिणीतून आतून करायच्या सोनोग्राफीची चिठ्ठी. "अगं, आमच्या शेजारच्या काकांची गाठ ह्याच दुर्बिणीने सापडली. मग आपणही तीच करून घेऊ की, उगाच चार तपासण्या कशाला?"

बडोद्यात सीटीच्या मशीनवर काम करताना हा प्रश्न मला बरेचदा विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काकांची गाठ स्वादुपिंडात होती, आणि तिथे एंडोसोनोग्राफीला तोड नाही. जठर आणि लहान आतड्याची सुरुवात स्वादुपिंडाला चिकटून असते, त्यामुळे दुर्बिणीच्या टोकावरचा सोनोग्राफीचा प्रोब गाठीच्या अगदी जवळ पोचतो. अपेंडिक्स मात्र पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, मोठं आतडं जिथे सुरू होतं त्या सीकमला लटकलेलं असतं. तोंडातून तिथवर पोचता येत नाही. खालून जायचं तर जवळजवळ दीड मीटर आतडं आणि त्याची सगळी वळणं पार करायची, आणि नेहमीच्या एंडोसोनोग्राफीच्या दुर्बिणीचं टोक ताठ असतं, नजर तिरकी. म्हणून काही मोठ्या ठिकाणी समोर पाहणारी खास दुर्बीण वापरतात, किंवा कोलोनोस्कोपच्या, म्हणजे मोठं आतडं आतून बघायच्या दुर्बिणीच्या, नळीतून बारीक मिनिप्रोब सरकवतात. तो आतड्याच्या भिंतीचे थर सुरेख दाखवतो, पण जेमतेम दोनेक सेंटिमीटर खोलीपर्यंतच. अपेंडिक्स साधारण आठ-दहा सेंटिमीटर लांब, आणि त्यातल्या कार्सिनॉइड (सहसा हळू वाढणाऱ्या कॅन्सरच्या) गाठी बहुतेक वेळा असतात शेंड्याला. तोंडाशी उभं राहून शेंडा कसा दिसणार?

आता सीटी. माझं रोजचं काम आहे म्हणून बाजू घेत नाही. अपेंडिक्सच्या बाबतीत पहिला मान खरोखर तिचाच. शिरेतून कॉन्ट्रास्ट (फोटोत अवयव उठून दिसावेत म्हणून द्यायचं औषध) देऊन केलेल्या सीटीत अपेंडिक्स मुळापासून शेंड्यापर्यंत दिसतं, आजूबाजूच्या लसीकाग्रंथी, यकृत, पोटाचं अस्तर आणि कुठे म्यूकस सांडलाय का तेही दिसतं. आत्याचेच फोटो सांगते. निरोगी अपेंडिक्स जाडीला सहसा सहा मिलीमीटरच्या आत असतं. हिचं शेवग्याच्या जाड शेंगेसारखं फुगलं होतं, आत एकसारखा राखाडी द्रव, आणि भिंतीत एका बाजूला नखाच्या कोरीएवढी पांढरी वाकडी रेघ. ती रेघ म्हणजे कॅल्शियम. ती दिसली की म्युकोसीलचा संशय खूपच बळावतो. शेंगेचं मूळ सीकमला जोडलेलं स्पष्ट दिसलं, म्हणजे अंडाशयाचा प्रश्नच मिटला. बायकांमध्ये ही गल्लत वारंवार होते. सीटीआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) करून घ्या, आणि मेटफॉर्मिन ही डायबिटीसची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. ती थांबवायची की नाही ते किडनीवर ठरतं.

गरोदरपण असेल किंवा रेडिएशन टाळायचं असेल तर एमआरआय. मात्र ती बारीक कॅल्शियमची रेघ त्यात नीट उमटत नाही.

सीटीच्या जोडीला कोलोनोस्कोपी लागतेच असं माझं मत आहे, विशेषतः चाळिशीनंतर. अपेंडिक्सच्या तोंडाशी उंचवटा आणि मधोमध भोक, ज्वालामुखीसारखं, असं दिसलं तर आत काही भरलंय हे कळतं. शिवाय उरलेल्या मोठ्या आतड्यात दुसरी गाठ नाही ना, हेही बघून होतं. आदल्या रात्री पोट साफ करणारं ते खारट पाणी प्यायला जीव नकोसा होतो, आत्याने दोनदा ग्लास खाली ठेवला. पण आतडं स्वच्छ नसेल तर सगळा खटाटोप वाया. वरवरची बायोप्सी निर्दोष आली म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. गाठ बरेचदा अस्तराच्या खाली असते, चिमट्यात येतच नाही.

मग एंडोसोनोग्राफी कधी? सीकममध्ये अपेंडिक्सच्या तोंडाशी फुगवटा दिसतोय, आणि तो भिंतीतलाच आहे, निव्वळ चरबीची गाठ आहे, की बाहेरून दाबतोय, एवढंच सीटीवरून ठरत नसेल तेव्हा. अशा वेळी ती खरंच कामाची. पण एक गोष्ट मी आत्याला हात धरून सांगितली: म्यूकसने भरलेल्या अपेंडिक्समध्ये सुई घालू द्यायची नाही. स्वादुपिंडात सुईने नमुना घेणं रोजचंच आहे, इथे मात्र म्यूकस पोटात सांडला तर त्यातल्या पेशी अस्तरावर रुजू शकतात आणि पोट जेलीसारख्या पदार्थाने भरत जाण्याचा धोका असतो. म्हणूनच सर्जन ते न फोडता, पिशवीत घालून अखंड बाहेर काढतात, आणि गाठीचं खरं नाव पॅथॉलॉजीच्या टेबलावरच कळतं.

चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा: "ह्या तपासणीत काहीही निघालं तरी ऑपरेशन बदलणार आहे का?" आत्याने विचारलं. उत्तर नाही असं आलं, आणि ती तपासणी गळाली.

अपेंडिक्स आधीच काढलं असेल आणि रिपोर्टमध्ये अचानक कार्सिनॉइड निघाला असेल, तर हिशोब वेगळा. एक सेंटिमीटरपेक्षा लहान आणि पूर्ण निघाला असेल तर बहुधा तेवढ्यावर भागतं, दोनपेक्षा मोठा असेल तर उजवं मोठं आतडं काढण्याचा विचार होतो, आणि मधल्यांसाठी गाठ किती खोल गेली, कडा स्वच्छ आहेत का, पेशी किती वेगाने वाढताहेत, हे सगळं घेऊन कॅन्सरच्या सर्जनसमोर बसावं लागतं. ऑपरेशनच्या फाइलमधून पॅथॉलॉजीचा पूर्ण रिपोर्ट मागून घ्या, नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही.