‘अमेरिकेले कायले सांगाचं?’ : दूरच्या दुर्बिणीसोबत आठ महिने

आमचं जिल्हा परिषदेचं हायस्कूल यवतमाळ जिल्ह्यातलं, घाटंजीच्या पुढे. शाळेत एक दुर्बीण आहे, पण तिच्या भिंगाला बुरशी लागून जमाना झाला. गेल्या ऑगस्टपासून आठवी-नववीच्या पोरांना घेऊन मी हार्वर्ड-स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या खगोल संस्थेची मायक्रोऑब्झर्व्हेटरी, म्हणजे इंटरनेटवरून दुर्बिणीचे फोटो मागवायची सोय, वापरतोय. तिच्या दुर्बिणी ॲरिझोनात, व्हिपल वेधशाळेच्या आवारात आहेत. आरसा जेमतेम ६ इंची. फुकट आहे म्हणून सुरू केलं, खोटं कशाला सांगू?

आधी एक गैरसमज काढतो. रिमोट म्हटल्यावर पोरांना वाटलं, इकडे माऊस हलवला की तिकडे दुर्बीण फिरणार. मलाही तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात यादीतून एखादी वस्तू निवडायची, एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश किती सेकंद घ्यायचा, आणि फिल्टर कोणता ते भरायचं, ईमेल द्यायचा. रात्री यंत्र आपापलं फोटो काढतं आणि एक-दोन दिवसांत मेल येतो. थेट चालवायला देणाऱ्या सेवाही आहेत, पण त्यांचं बिल डॉलरमध्ये. शाळेच्या खात्यातून ते कसं भरायचं याच्या चौकशीतच महिना गेला, नाद सोडला.

पहिल्याच दिवशी नववीतल्या एकाने विचारलं, “सर, चंद्र तं आपल्या इथूनच दिसते. मंग अमेरिकेले कायले सांगाचं?” तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता देतो. अंधार आमच्याकडे भरपूर आहे. लाइन गेली की आकाशगंगासुद्धा दिसते. पण रात्री शाळेत पोरं कुठून आणायची? निम्मी बाहेरगावची, शेवटच्या एसटीने जाणारी. मुलींना रात्री थांबवायचं तर घरोघरी जाऊन परवानगी काढा. आणि आम्ही साडेदहाला परिपाठाला उभे असतो तेव्हा ॲरिझोनात आदल्या दिवसाच्या रात्रीचे दहा वाजलेले असतात. आमचा विज्ञानाचा तास आणि तिथली रात्र बरोबर जुळते. इतक्या लांबून दुर्बीण कोणी खरंच चालवतं का, असंही पोरांनी विचारून झालं. लडाखमध्ये हानलेची २ मीटरची दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात हे सांगितलं, तेव्हा कुठे विश्वास बसला.

ऑगस्ट वाया गेला. इथे पाऊस, आणि ॲरिझोनातही जुलै-ऑगस्ट पावसाचेच. पहिले तीन फोटो नुसते करडे. “तिथंही झड लागते?” हा प्रश्न भूगोलाच्या सरांकडे पाठवला. दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागली, वर्ग अर्धा रिकामा. डिसेंबरपर्यंत सांगण्यासारखं फार काही नाही.

खरी मजा मृगाने आणली. एम-४२ हा तेजोमेघ मृग नक्षत्रात आहे म्हटल्यावर वर्गात गोंधळ. “मृग तं जूनमधी लागते ना सर?” इथल्या पोराला मृग म्हणजे पाऊस आणि पेरणी. आकाशात त्याचे तारे असतात हे ठाऊक असलेले वर्गात तिघंच निघाले. मग फळ्यावर सूर्य काढला. जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून मृग लागतो तेव्हा मृग दिसत नाही. तो दिवसा उगवून दिवसाच मावळतो. हे पुस्तकातून मी दहा वर्षं शिकवलं. पोरांना पटलं ते जानेवारीत, ६० सेकंदांच्या फोटोतला तो धूसर पुंजका बघून, आणि त्याच रात्री घरच्या अंगणातून मृगाचा बाण शोधून. लाल, हिरवा, निळा असे तीन फिल्टरचे फोटो एकावर एक चढवून आम्ही रंगीतही केला. रंग जरा सरकलेत, ताऱ्यांना कडेला लाल झालर आली आहे. नेटवर याच्या शंभरपट सुंदर फोटो मिळतो, पण आमचा टीव्हीवर लावला की पोरं उठून जवळ जातात.

गुरू १० जानेवारी २०२६ ला प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर समोर होता, म्हणून तो रोज मागवला. एक्स्पोजर कमी ठेवलं तर गुरू नीट येतो, त्याचे चंद्र गायब. वाढवलं की गुरूचा पांढरा गोळा होतो आणि बाजूला ठिपके उमटतात. हे आकडे मी सांगितले नाहीत. पोरांनी सहा-सात फोटो वाया घालवून काढले. आठवीतल्या एका मुलीने आलेखवहीत रोजचे ठिपके मांडले. चौदा रात्रींपैकी नऊचे फोटो चांगले आले. सगळ्यात बाहेरचा ठिपका हळूहळू सरकत होता. तो कॅलिस्टो, त्याला एका फेरीला जवळजवळ १७ दिवस लागतात. चौघांतला सगळ्यात आतला आयो ४२ तासांत फिरतो, त्याचा माग रोज एका फोटोत लागेना. एके दिवशी तीनच ठिपके आले. “एक मांगं लपला असन,” ती म्हणाली. मी तिला गॅलिलिओचं सांगितलं : ७ जानेवारी १६१० ला त्यालाही तीनच दिसले होते, चौथा १३ तारखेला सापडला. ती काही बोलली नाही, वहीत त्या दिवसाखाली तारीख तेवढी लिहिली.

उणिवा सांगायच्या तर, ज्या पोराला तिथल्या तिथे काहीतरी घडायला हवं असतं ते दोन दिवस वाट बघत नाही. आठवीतली चारपाच पोरं पहिल्या महिन्यातच गळाली. सगळं इंग्रजीत, म्हणून फॉर्मचा मराठी तक्ता मीच करून भिंतीवर लावला. फोटोंच्या फाइल मात्र लहान असतात, माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरतात.

पुढच्या वर्षी लघुग्रह शोधायच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत नाव द्यायचा विचार आहे. हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे चार-चार फोटो मिळतात, ते आलटून पालटून दाखवून सरकणारा ठिपका हुडकायचा. ते सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं. आमच्या खोलीतले दोन संगणक अजून श्वास घेतात.

कोणी सुरू करणार असेल तर शाळेचा वेगळा ईमेल काढा, आणि त्याचा पासवर्ड फळ्यावर लिहू नका. आम्ही लिहिला होता. दुसऱ्या दिवशी मेलबॉक्समध्ये एकाच चंद्राचे एकोणतीस फोटो होते.