काळी गाडी, सिरॅमिक कोटिंग आणि बॉनेटवरचे पांढरे डाग

नव्या काळ्या गाडीवर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा पातळ पारदर्शक संरक्षक थर, करून वर्ष होत आलं. आज लिहायला बसलोय ते बॉनेटवरच्या पांढऱ्या गोल डागांमुळे. कोटिंगवाल्याने त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "पाण्याचे डाग आहेत, वॉरंटीत बसत नाहीत." वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत तसं छापलंयही. पण पैसे घेताना थेंब घरंगळतानाचे व्हिडिओ दाखवले, तेव्हा यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. राग त्याचाच आहे.

डाग पडतात कसे ते आता नीट कळलंय. कोटिंगवर पाणी पसरत नाही, त्याचे टपोरे थेंब होतात. दारांवरून ते खाली ओघळतात, पण बॉनेट आणि टप सपाट, तिथे थेंब बसूनच राहतात. पाणी उडून जातं आणि त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तेवढ्याशा जागेत गोळा होऊन कडं उमटतं. ताजं असेल तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतं. उन्हात पुन्हा पुन्हा भाजलं की थेट पृष्ठभागात खड्डा पाडतं. मग पॉलिशशिवाय इलाज नाही, आणि पॉलिश केलं की तिथलं कोटिंगही जातं.

कोटिंग '9एच' इतकं कडक असतं, या दाव्याचंही तसंच. हा आकडा पेन्सिलच्या चाचणीतला आहे. 9एच पेन्सिलने ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्याखालचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा कंपनीचा पारदर्शक थर, साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. समोरून उडालेला खडा हा थर काय अडवणार? माझ्या बंपरवर टवके उडालेत ते उडालेतच.

काही महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर "अजिबात करू नका" म्हटलं असतं. आता तसं म्हणत नाही. धुतल्यावर गाडी वाळायला सोडायची नाही, सावलीत उभी करून जाड मायक्रोफायबर टॉवेल नुसता टेकवून पाणी टिपायचं, हे सुरू केल्यापासून नवे डाग जवळजवळ थांबले. आणि धुणं खरंच सोपं झालंय. चाकांमागचा चिखल, बंपरवरचे किडे फोम मारून थोडं थांबलं की घासायला न लागता सुटतात. घासणं कमी म्हणजे काळ्या रंगावरची ती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक रेघोटीही कमी. सगळ्यात जास्त पैसे वसूल झाले ते अलॉय व्हील्सवर. ब्रेकची काळी भुकटी आता नुसत्या शाम्पूने निघते. पक्ष्यांची विष्ठा मात्र दिसली की लगेच काढा, कोटिंग असो वा नसो.

आतल्या बाजूचं थोडक्यात. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक पहिल्याच दिवशी काढा, खाली ओल धरते. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर साधं कव्हर चढवू नका, एअरबॅग उघडायला अडथळा होतो. डॅशबोर्डला चकचकीत सिलिकॉन पॉलिश तर नकोच, समोरच्या काचेत त्याची झळाळी दिसते आणि गाडी चालवताना डोळ्यांना त्रास होतो. मी उन्हापासून वाचवणारं, न चकाकणारं मॅट फिनिशचं यूव्ही ड्रेसिंग लावलंय, उत्तम आहे. गियरभोवतीच्या पियानो ब्लॅक (चकचकीत काळ्या प्लास्टिकच्या) पट्टीवर कोरडं फडकं फिरवलं तरी रेघा उठतात. तिथे पहिल्याच आठवड्यात पारदर्शक फिल्म लावून घ्या.

आज नवी गाडी घेतली तर सगळ्या गाडीला महागडं कोटिंग करणार नाही. त्या पैशांत बंपर, बॉनेट, आरसे आणि दाराच्या मुठीमागच्या खोबणींना पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म, लावेन. ती फिल्म दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड असते, खड्याचा मार खरोखर झेलते, आणि चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने भरूनही येतात. चाकांना तेवढं कोटिंग. या गाडीचं बॉनेट पुढच्या आठवड्यात पॉलिशला जातंय. तिथे परत कोटिंग नाही, फिल्मच लावणार, आणि तीही दुसऱ्याकडून.