रात्री मुरवून भाजलेला फ्रेंच टोस्ट की सकाळी तव्यावरचा?

आधी खाणारी माणसं मोजा. दोघं-तिघं असाल तर ओव्हन तापवायच्या भानगडीत पडू नका. तव्यावर पंधरा-वीस मिनिटांत काम होतं आणि कडाही जास्त कुरकुरीत होतात. चार जणांपर्यंत दोन्ही पर्याय चालतात. पाच-सहा जण एकदम नाश्त्याला बसणार असतील तर मात्र तवा पुरा पडत नाही. माणशी दोन धरून बारा स्लाइस, तव्यावर एका वेळी दोन आणि दोन्ही बाजू मिळून सहा-सात मिनिटं, असा हिशोब केला तर कुणीतरी एक जण पाऊण तास ओट्यापाशी अडकतो. पहिल्याची बशी रिकामी होते तेव्हा शेवटच्याचा ब्रेड अजून दुधात बुडालेलाही नसतो.

रात्रीच्या पद्धतीत, म्हणजे पाव दूध-अंड्यात रात्रभर भिजवून सकाळी ओव्हनमध्ये भाजायचा, कष्ट तेवढेच, फक्त ते आदल्या संध्याकाळी उरकतात. सकाळी भांडं फ्रिजबाहेर काढायचं, ओव्हनमध्ये सरकवायचं आणि चहा टाकायचा. वेळ मात्र वाचत नाही. ओव्हन तापायला दहा-पंधरा मिनिटं, भाजायला पंचेचाळीस ते पन्नास आणि वर दहा मिनिटं निवायला, म्हणजे उठल्यापासून सव्वा तास. साडेसातची लोकल पकडणाऱ्याने हा रविवारचाच पदार्थ समजावा. विजेचा खर्च ओटीजीच्या (वर-खाली रॉड असलेल्या छोट्या विजेच्या ओव्हनच्या) आकारानुसार साधारण एक ते दीड युनिट.

चव आणि पोत दोन्हींत वेगळे असतात. तव्यावरच्यात बाहेरून खरपूस आणि आत ओलसर ब्रेड मिळतो. भाजलेल्यात वरचा थर कुरकुरीत होतो आणि खाली कस्टर्डसारखा मऊ गाभा राहतो. खरं तर तो ब्रेड पुडिंगचा सख्खा भाऊ. फरक एवढाच की इथे दूध कमी असतं आणि ब्रेडचे तुकडे विरघळून न जाता ओळखू यायला हवेत. फ्रान्समधला पॅं पेर्द्यू, म्हणजे ‘वाया गेलेला पाव’, किंवा स्पेनमध्ये ईस्टरआधीच्या आठवड्यात होणारं तोरीहास हे मुळात कढईतले-तव्यातलेच पदार्थ. रात्री भिजवून सकाळी भाजण्याची चाल अमेरिकी स्वयंपाकघरांत रुळली, विशेषतः ख्रिसमसच्या सकाळी घरभर पाहुणे असतात म्हणून.

कांदा, मिरची, कोथिंबीर घातलेला तिखट टोस्ट हवा असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, तवाच घ्या. मिठामुळे कांद्याला रात्रभर पाणी सुटतं, ते मिश्रणात उतरतं आणि सकाळी खाली पाणी, वर ऑम्लेट अशी गत होते.

पाव कोणता?

भाजलेला टोस्ट बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच. बाजारात मिळणाऱ्या चारशे ग्रॅमच्या सँडविच ब्रेडचे स्लाइस जेमतेम सेंटिमीटरभर जाड आणि मऊ असतात. तव्यासाठी ते उत्तम, कारण त्यांना प्रत्येक बाजूने वीस-तीस सेकंदच बुडवायचं असतं. आठ-दहा तास दुधात ठेवले की त्यांचा लगदा होतो, मग कितीही भाजा, तो काही उभा राहत नाही.

आपल्याकडे सहज मिळणाऱ्यांत लादी पाव या कामाला सगळ्यात बरा, पण आदल्या दिवशीचा आणि सुकवलेला. ताजा, हाताने दाबला की बसणारा पाव नको. ब्रून पावाची कड रात्रभरात छान मऊ पडते आणि गाभा टिकतो, तो मिळत असेल तर लादी पावात अर्धा मिसळा. गोव्याची पोई टाळा: ती आतून पोकळ असते, दूध पोकळीत साठतं आणि कोंड्याची चव या गोड कस्टर्डशी जुळत नाही. बेकरीतला न कापलेला मिल्क ब्रेड मिळाला तर घरी अडीच सेंटिमीटर जाड काप करा. ब्रिओश किंवा हाल्ला मिळत असेल, परदेशातल्या वाचकांना तो सुपरमार्केटमध्येच मिळेल, तर प्रश्नच मिटला; अंडं असलेला हा दाट पाव बारा तासही तग धरतो. लादी पावाला आठ ते दहा तास पुरे.

शिळा आणि सुकलेला यांत फरक आहे. पाव शिळा होतो तेव्हा त्यातल्या स्टार्चचे कण पुन्हा घट्ट बांधले जातात. पाणी बरंचसं आतच असतं. दूध शोषायला जागा हवी, आणि ती पाणी उडाल्यावरच होते. म्हणून तुकडे एका थरात पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, मध्ये एकदा उलटा. रंग यायला नको, फक्त बाहेरून कडक लागले पाहिजेत. उन्हाळ्यात रात्रभर पंख्याखाली जाळीवर ठेवूनही हे होतं. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, नाही होत. तिथे पाव सुकण्याऐवजी वातड होतो.

दूध-अंड्याचं प्रमाण वेगळं

तव्यावरचं प्रमाण रात्रीच्या पद्धतीला लावलं, किंवा उलट केलं, तर फसगत होते. तव्यासाठी एका अंड्याला सुमारे ५० मिलिलिटर दूध: आठ स्लाइसना तीन अंडी, १५० मिलि दूध, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ. तव्यावर तीन मिनिटांत उष्णता आतवर फारशी पोहोचत नाही, म्हणून दूध जास्त झालं की मधला भाग ओला, कच्चा राहतो. ओव्हनमध्ये उष्णता सावकाश सगळीकडे जाते, त्यामुळे दूध जवळजवळ दुप्पट चालतं.

वीस सेंटिमीटरच्या चौकोनी, पाच सेंटिमीटर खोल भांड्याला, चार ते पाच जणांसाठी: पाव ३०० ग्रॅम (सुकवण्याआधीचं वजन), अंडी ५, दूध ४०० मिलि, फ्रेश क्रीम ७५ मिलि, साखर ५० ग्रॅम, मीठ पाव चमचा, व्हॅनिला एक चमचा, जायफळ किंवा वेलची. सहा-सात जणांना सगळं दीडपट करून मोठं भांडं घ्या, त्याच भांड्यात वर ढीग करू नका. दूध सहा टक्के फॅटचं फुल क्रीम घ्या. तीन टक्क्यांच्या टोन्ड दुधाने टोस्ट होतो, पण गाभा थोडा पाणचट लागतो. क्रीमऐवजी साय चालते, मात्र ती आधी थोड्या दुधात घुसळून एकजीव करा, नाहीतर गुठळ्या वर तरंगतात. दूध तापवलेलं असेल तर पूर्ण गार होऊ द्या. कोमट दुधात अंडी घालून फ्रिजमध्ये ठेवणं सुरक्षित नाही.

दालचिनीची पूड थेट दुधात टाकली की ती वर तरंगते, चमच्याला चिकटते आणि शेवटी एकाच कोपऱ्यात तपकिरी गोळा होऊन बसते. आधी साखरेत कालवा, ती साखर अंड्यांत फेटा, दूध सर्वांत शेवटी ओता. मग मिश्रण गाळणीतून गाळा. पांढऱ्या बलकातले दोरे गाळणीत राहतात; न गाळल्यास भाजल्यावर ते पांढऱ्या चिवट तुकड्यांसारखे दाताखाली येतात. गूळ मात्र मिश्रणात नको. गरम दूध गुळाने फाटू शकतं, आणि इथे तर दूध तासभर तापणार असतं. गुळाची चव हवी असेल तर वाढताना वरून काकवी घ्या.

तुकडे भांड्यात बसवून मिश्रण ओतलं की अर्ध्या तासाने पुन्हा एकदा भांड्यापाशी या. वरचे तुकडे कोरडेच असतात. ते उलटा, कालथ्याने हलके दाबा, झाकण घाला आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. कच्चं अंडं आहे, तेव्हा फ्रिज चार अंशांच्या आसपास हवा. रात्री तासन्‌तास वीज जाणाऱ्या गावात हा बेत करू नये.

ओटीजी की कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह?

दोन्ही चालतात, साधा मायक्रोवेव्ह चालत नाही. त्यात कस्टर्ड रबरासारखं होतं आणि वर रंग येत नाही. ओटीजीत दोन्ही रॉड चालू, मधली जाळी, १७५ ते १८० अंश. छोट्या ओटीजीत वरचा रॉड भांड्याच्या अगदी जवळ येतो, म्हणून पहिली पंचवीस मिनिटं फॉइल झाका, नंतर वीस-पंचवीस मिनिटं उघडं. कन्व्हेक्शनमध्ये पंख्यामुळे वरचा थर लवकर तांबूस होतो, तिथे १६५ ते १७० पुरे.

भांडं घेण्याआधी टेप काढा. अमेरिकी पाककृतींतलं ९ बाय १३ इंचाचं भांडं कानांसकट अडतीस सेंटिमीटरच्या आसपास भरतं आणि वीस-पंचवीस लिटरच्या ओटीजीत शिरत नाही. कन्व्हेक्शनमध्ये वेगळीच गोची असते: तबकडी फिरते. वीस सेंटिमीटरच्या चौकोनाचा कर्ण अठ्ठावीस सेंटिमीटर होतो, त्यात कान आले की तो भिंतींना अडतो. तिथे बावीस सेंटिमीटरचं गोल भांडं घ्या, क्षेत्रफळ जवळपास तेवढंच. तळ सुटा होणारा केक टिन चुकूनही नको, रात्रीत सगळं दूध फ्रिजमध्ये सांडेल.

काचेचं भांडं फ्रिजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये गेलं तर तडकू शकतं. ओव्हन तापेपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं, ते ओट्यावर ठेवा. बाहेर काढल्यावरही ओल्या ओट्यावर टेकवू नका, खाली कोरडं फडकं घाला. ॲल्युमिनियमच्या टिनला ही भीती नाही आणि भाजायलाही पाच-सात मिनिटं कमी लागतात.

झालं की नाही ते रंगावरून ठरवू नका. मध्यभागी सुरी खुपसून बाजूला थोडं दाबा. दुधट पाणी वर आलं तर फॉइल झाकून आणखी दहा मिनिटं. सुरी ओलसर पण स्वच्छ निघाली तर बंद करा. थर्मामीटर असेल तर मध्ये ७१ अंश ही खालची मर्यादा, ७५ च्या आसपास पोत सर्वांत चांगला. ८५ च्या पुढे अंड्याची प्रथिनं आकसतात, पाणी सोडतात आणि अंड्याचा उग्र वासही तिथूनच येतो. ओव्हनमध्ये टम्म फुगलेला टोस्ट बाहेर आल्यावर बसतो, त्याची काळजी करू नका.

अंडं नको असेल तर

इथे तवा सोपा. कस्टर्ड पावडर थंड दुधात कालवून स्लाइस लगेच बुडवायचे आणि परतायचे, प्रत्येक स्लाइसच्या आधी मिश्रण ढवळायचं. तेच मिश्रण रात्रभर ठेवलं तर पावडर तळाशी बसते आणि सकाळी खाली पिवळा रबरी थर, वर नुसता दुधाळ पाव मिळतो. भाजलेलाच हवा असेल तर अर्धा लिटर दुधात दोन मोठे चमचे पावडर घालून आधी गॅसवर पातळसर शिजवा, गार करा, मग ओता. अंड्यासारखा फुगीरपणा येणार नाही, चव मात्र चांगली येते.

फळांपैकी सफरचंदाच्या पातळ फोडी रात्रीच घालता येतात. केळं काळं पडतं, स्ट्रॉबेरीला पाणी सुटतं. दोन्ही सकाळी, भाजून झाल्यावर. अननस आणि किवी दुधाबरोबर कच्चे ठेवले की दूध कडवट होतं, तेही वाढतानाच.

उरलेला टोस्ट फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो. मायक्रोवेव्हमध्ये तो चिवट होतो. त्यापेक्षा गार असतानाच चौकोन कापा आणि तव्यावर अर्धा चमचा तूप सोडून मंद आचेवर दोन्ही बाजू परता. गार झालेलं कस्टर्ड घट्ट असतं, त्यामुळे तुकडे मोडत नाहीत आणि कापलेल्या बाजूंनाही कुरकुरीतपणा येतो. आदल्या दिवशी ओव्हनमध्ये तो फक्त वरच्या थराला होता.