कृष्णधवल की रंगीत: ठरवायचं कसं आणि कधी

डिजिटल कॅमेऱ्यात रोल बदलावा लागत नाही. त्यामुळे रंगीत की कृष्णधवल हा प्रश्न बहुतेक जण फोटो काढून झाल्यावर, एडिटिंगला बसले की सोडवतात. रंग जमले नाहीत, आकाश पांढरंफटक आलं, की म्हणतात, ‘ब्लॅक अँड व्हाइट करून बघू.’ पांढरंफटक आकाश कृष्णधवलातही पांढरंफटकच राहतं. हा निर्णय शक्यतो बटण दाबण्याआधी व्हावा असं मला मनापासून वाटतं. दोन्हींत आपण वेगळ्या गोष्टी शोधत असतो आणि त्यापायी उभं राहायची जागासुद्धा बदलते.

समोरच्या दृश्यातून रंग काढून घेतला तर बघण्यासारखं काय उरतं, हे आधी स्वतःला विचारा. मावळतीचं आकाश, पानगळीतली झाडं, पक्ष्याच्या गळ्यावरची निळी-जांभळी झळाळी... फारसं काही उरत नाही. तिथे रंगीतच काढा, दुसरा विचार नको. सुरकुतलेला हात, जिन्याची वळणं, धुकं, खिडकीतून तिरपा आलेला उजेड यांचं सगळं बळ मात्र आकारात, पोतात आणि उजेड-सावलीत असतं.

खरी पंचाईत मधल्या दृश्यांची होते. समजा, दारात बसून एक आजोबा वाचत आहेत. चेहऱ्यावर सुंदर उजेड आहे, पण मागे कोपऱ्यात लाल प्लास्टिकची बादली आहे. रंगीत फोटोत नजर आधी बादलीकडे धावते. कृष्णधवलात तीच बादली राखाडी होऊन भिंतीत मुरते आणि चेहरा पुढे येतो. पण आजोबांच्या हातातल्या पुस्तकाचं कव्हरही तसंच लाल असेल, तर त्या दोन लाल ठिपक्यांमधलं नातं हीच फोटोची गंमत आहे. ते नातं कृष्णधवलात पुसलं जातं. म्हणून दृश्यात रंग आहेत की नाहीत यापेक्षा ते तिथे काय करताहेत हे पाहायचं.

कृष्णधवल म्हणजे रंग काढून टाकलेला फोटो, हा समज सोडून दिला तर पुढचं बरंच सोपं होतं. कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, मुळात फक्त प्रकाश मोजतो, रंग त्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एकेक बारीक फिल्टर बसवलेला असतो. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची असते, १९७६ साली पेटंट मिळालेली: निम्मे फिल्टर हिरवे, पाव लाल, पाव निळे. कृष्णधवल करताना या तीन रंगांतलं किती-किती घ्यायचं, ते आपण ठरवतो.

हिरव्या पानांतलं लाल फूल घ्या. लाल आणि हिरवा डोळ्यांना कितीही वेगळे दिसोत, उजळपणा सारखा असेल तर साध्या रूपांतरात दोन्ही एकाच राखाडीत जातात आणि फूल पानांत हरवतं. आता एडिटिंगमधला लाल स्लायडर, म्हणजे लाल किती उजळ दिसावा ते ठरवणारी सरकपट्टी, वर न्या: फूल जवळजवळ पांढरं, पानं गडद. खाली आणा: फूल काळपट, पानं उजळ. एकाच रॉ फाइलमधून, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीतून, दोन अगदी निराळे फोटो निघतात. चेहऱ्याचंही तसंच. त्वचेत लाल-नारिंगी अंश जास्त असतो, त्यामुळे ते स्लायडर वाढवले की त्वचा उजळते, पुटकुळ्या आणि लालसर डाग विरघळतात. निळ्यावर भर दिला तर ओठ काळे पडतात आणि प्रत्येक डाग, प्रत्येक सुरकुती ठसठशीत होते. रंगीत फोटोत इतकी मोकळीक नाही, चेहऱ्याचा रंग जरा हलला तरी माणूस आजारी दिसतो. पण या मोकळीकीलाही मर्यादा आहे. आकाश नाट्यमय करायला निळा स्लायडर फार खाली ओढला की आकाशात दाणे उमटतात आणि झाडाच्या कडेला पांढरी किनार येते. एकदा दिसली की ती किनार डोळ्यांतून जात नाही.

उजेडाचा विचार केला तर काही ठिकाणी कृष्णधवल सरळसरळ सोयीचं पडतं. उजेडाची पिवळी-निळी छटा केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा: पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० ते ३००० केल्विन, दिवसाचा ५५०० च्या आसपास. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले तर व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगांची जुळणी) कुठलाही ठेवा, एक गाल पिवळा नाहीतर दुसरा निळा. कृष्णधवलात हे भांडण बरंचसं मिटतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, खूप वाढवल्यावर सावल्यांत उठणारे रंगीत ठिपकेही नाहीसे होतात, उरतो तो दाणेदारपणा, आणि तो पुष्कळदा शोभतो. उलट ढगाळ दिवसाच्या सपाट उजेडात, सावल्याच नसताना, कृष्णधवल फोटो मरगळतो. अशा वेळी हलके, जवळजवळचे रंग फार सुंदर येतात.

कृष्णधवल केलं की फोटो आपोआप कलात्मक होतो, या समजुतीला मात्र काही आधार नाही. ती जुनी आहे. बायर यांना पेटंट मिळालं त्याच १९७६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये अमेरिकन फोटोग्राफर विल्यम एगलस्टन यांच्या रंगीत फोटोंचं प्रदर्शन भरलं आणि त्यावर कडक टीका झाली, कारण गंभीर फोटो कृष्णधवलच असतो असं तेव्हा मानलं जाई. आज तेच प्रदर्शन रंगीत फोटोग्राफीतला महत्त्वाचा टप्पा म्हणून ओळखलं जातं.

ठरवता येत नसेल तर कॅमेरा रॉ अधिक जेपेगवर ठेवा आणि पिक्चर स्टाइल या सेटिंगमध्ये मोनोक्रोम, म्हणजे कृष्णधवल, निवडा. स्क्रीनवर कृष्णधवल दिसेल, नजर उजेड-सावलीला सरावेल आणि रॉमध्ये सगळे रंग शाबूत राहतील. फक्त जेपेग काढत असाल तर मोनोक्रोम लावू नका. गेलेला रंग परत येत नाही, शिवाय आठ बिटांच्या जेपेगमध्ये राखाडीच्या २५६ पायऱ्या, तर चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. मोकळ्या आकाशावर पट्टे पडतात ते इथेच. आणखी एक: मोनोक्रोममध्ये दिसणारा हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख) बहुधा त्या कृष्णधवल चित्राचा असतो. लाल फुलाचा लाल चॅनल, म्हणजे लाल फिल्टरखाली टिपलेली माहिती, केव्हाच जळालेला (अति प्रकाशाने तपशील गेलेला) असतो आणि त्यात ते कळत नाही. मग लाल स्लायडर वाढवला की पाकळ्यांच्या रेषा जाऊन नुसता पांढरा डाग उरतो. अशा विषयांवर एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडू द्यायचा प्रकाश, थोडं कमीच ठेवलेलं बरं.

फक्त कृष्णधवल काढणारे कॅमेरेही आहेत: लायकाचा एम मोनोक्रोम २०१२ मध्ये आला, पेंटॅक्सचा के-३ मार्क थ्री मोनोक्रोम २०२३ मध्ये. सेन्सरवर रंगीत फिल्टर नसल्यामुळे जास्त प्रकाश आत येतो, बारकावे अधिक स्वच्छ उतरतात आणि कमी उजेडात ते सरस ठरतात. पण लाल-हिरव्याचे स्लायडर तिथे नसतात. आकाश गडद हवं असेल तर लेन्सवर खराखुरा लाल किंवा पिवळा फिल्टर लावावा लागतो, तोही फोटो काढण्याआधीच. वर्षानुवर्षं कृष्णधवलच काढत आलेल्या माणसाला मी हा कॅमेरा जरूर सुचवेन, पण अजून निवड करत असलेल्याला नाही. एक्स्पोजरच्या बाबतीतही तो कठोर आहे. रंगीत सेन्सरवर एक चॅनल जळाला तरी उरलेल्या दोघांवरून थोडीफार माहिती परत मिळते. इथे मात्र जळालेला भाग कायमचा गेला, म्हणून प्रकाशाचं मोजमाप नेहमी सर्वांत उजळ भागावरून करायचं आणि सावल्या नंतर एडिटिंगमध्ये उजळायच्या.