रविवारी बघायला एकच सिनेमा: श्वास, फँड्री, कोर्ट की किल्ला?

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. भाचा १३ वर्षांचा आहे. वर्षभरापूर्वी त्याचे बाबा गेले, आणि जूनमध्ये दोघं मायलेक चिपळूणचं बिऱ्हाड हलवून डोंबिवलीला आले. “ताई, रविवारी येतो तुझ्याकडे. तिघं मिळून एक सिनेमा बघू. मराठीच. नुसता वेळ घालवायचा नको, मनात राहील असा सांग. पण त्याला झेपेल असा.”

‘मनात राहील असा’ आणि ‘त्याला झेपेल असा’ या दोन अटींनी मला चार दिवस झोपू दिलं नाही. माझ्या मनात घर करून बसलेले सिनेमे बरेच आहेत. त्यातले चार बाजूला काढले: श्वास, फँड्री, कोर्ट आणि किल्ला. सैराट घेतला नाही, कारण तो या दोघांनी पाहिलेला आहे आणि त्याचा तो निःशब्द शेवट कुणाला पुन्हा सांगावा लागत नाही. चारही सिनेमे पावणेदोन ते दोन तासांत संपतात, तेव्हा वेळेवरून निवड करायची गरज नाही.

माझं मोजमाप आधी सांगते. पाहताना किती रडू आलं यावरून मी सिनेमाची खोली धरत नाही. रडू तर चांगल्या पार्श्वसंगीतानेही येतं. आठ-पंधरा दिवसांनी, लोकलमध्ये उभी असताना किंवा भाजी घेताना, नेहमीचंच काहीतरी वेगळं दिसू लागलं, तर तो सिनेमा आत उतरला असं मी समजते.

श्वासपासून सुरुवात करते, कारण मी परळला राहते. संदीप सावंतांचा हा सिनेमा २००४ साली आला. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीकडे आलेलं हे सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या हॉस्पिटलात येतात. परशुरामच्या डोळ्यांत कॅन्सर आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. आणि हे त्या पोराला सांगायचं कुणी? डॉक्टरांचा आग्रह असतो की त्याला कळलंच पाहिजे. आजोबांची जीभ उचलत नाही. शेवटी शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा त्याला गुपचूप हॉस्पिटलातून बाहेर घेऊन जातात, डोळे आहेत तोवर जग दाखवायला. अरुण नलावडे यांनी तो म्हातारा असा उभा केलाय की तो अभिनय आहे हेच विसरायला होतं. अश्विन चितळे या मुलालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

मी तो दादरला थिएटरात पाहिला होता आणि तिथून चालत घरी आले होते. परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या बाजूच्या फुटपाथवर बाहेरगावची कुटुंबं पथारी टाकून असतात, स्टोव्हवर भात शिजत असतो, फायलींच्या पिशव्या उशाला असतात. हे मी लहानपणापासून बघत आलेली. त्या रात्री पहिल्यांदा थांबून बघितलं. तोंडाला मास्क लावलेल्या, केस गेलेल्या एका मुलीला तिचे आजोबा केळ्याची साल काढून देत होते. अजूनही तिथून जाताना मान वळतेच.

तरी श्वासबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यात सगळी माणसं चांगली आहेत. डॉक्टर कडक, पण मनाने सरळ. समाजसेविका धडपडी आणि मायाळू. वैरी एकच, तो म्हणजे आजार. त्यामुळे बाहेर पडताना आपण रडलेले असतो, आणि हलकेही झालेले असतो. सिनेमा आपल्याला सावरून घरी पाठवतो. ज्यांना खूप दिवसांत मोकळं रडता आलेलं नाही, त्यांनी तो जरूर बघावा. पण ज्या घरात हॉस्पिटलच्या फेऱ्या नुकत्याच संपल्यात, आणि चांगल्या अर्थाने संपलेल्या नाहीत, त्या घरात थोडं थांबावं. कॉरिडॉरमधली ती बाकडी, रिपोर्टची वाट बघणं, हे सगळं बहिणीच्या अंगावर अजून ताजं आहे. म्हणून श्वास मी बाजूला ठेवला.

फँड्रीवर मात्र मी दोन दिवस अडले, कारण चौघांत सर्वात खोल गेलेला तोच आहे. नागराज मंजुळे यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, फेब्रुवारी २०१४ मध्ये लागला. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. कैकाडी घरातला जब्या शाळेत जातो. वर्गातली शालू त्याला आवडते. तिला वश करायला तो काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो, जीन्सची स्वप्नं बघतो. पहिला तासभर तुम्ही हसत असता, शाळेतलं पहिलं प्रेम म्हणून ओळखीचं वाटत असतं. मग गावातली डुकरं पकडायचं काम त्याच्या बापावर येतं, आणि सगळं कुटुंब गावादेखत, शाळेदेखत, शालूदेखत डुकरामागे धावतं. लोक कडेला बसून मजा बघतात.

मध्येच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. हातातोंडाशी आलेलं डुक्कर समोर, आणि ही माणसं जागच्या जागी ताठ उभी राहतात. डुक्कर निघून जातं. पुढे पकडलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागे शाळेची भिंत येते, भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई. कुणी काही बोलत नाही. संवाद नाही, भाषण नाही. किशोर कदम यांचा कचरू पोटच्या पोरावर डाफरतो, मारतो, आणि तरी आपल्याला त्याचा राग येत नाही, कारण त्याच्या पाठीचा बाक आपण बघितलेला असतो.

आणि शेवटी जब्या दगड उचलतो. तो दगड थेट आपल्याकडे येतो आणि पडदा काळा होतो.

थिएटरात त्या क्षणी कुणी उठलं नव्हतं. मी का उठले नाही ते मला नंतर कळलं. तोवर मी स्वतःला जब्याच्या बाजूची समजत होते. दगड आल्यावर लक्षात आलं, मी तर कडेला बसून बघणाऱ्यांत होते. मुंबईत जात कोण विचारतं, असं आम्ही मोठ्या दिमाखात म्हणतो. भाड्याने खोली बघायला गेल्यावर “आडनाव काय तुमचं?” हा दुसरा-तिसरा प्रश्न असतो. माझ्या आडनावामुळे मला तो कधी बोचला नाही, म्हणून मला तो ऐकूच आला नव्हता. फँड्रीनंतर ऐकू येतो.

१३ वर्षांच्या मुलाला तो समजेल का? नक्की समजेल, जब्या त्याच्याच आसपासचा आहे. शिव्या आहेत, पण शिव्या त्याला शाळेत रोज ऐकू येतात. प्रश्न वेगळा आहे. हा सिनेमा दाखवला की त्याच दिवशी बसून बोलावं लागतं. गाडीची वेळ झाली म्हणून चपला घालून निघता येत नाही. घरात आठवी-नववीचं मूल असेल आणि पुढचे दोन तास मोकळे असतील, तर मी म्हणेन, दुसरं काही बघू नका, हाच लावा.

चैतन्य ताम्हाणे यांचा कोर्ट हा आपल्याच शहराचा सिनेमा. २०१४ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला, पुढे सुवर्णकमळ मिळालं आणि एप्रिल २०१५ मध्ये इथे लागला. गटारात उतरणारा एक सफाई कामगार मरतो, आणि एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर खटला भरला जातो: तुझं गाणं ऐकून त्याने आत्महत्या केली. वीरा साथीदार यांनी तो शाहीर केलाय. गाण्यांमागे संभाजी भगत आहेत. पुढे तारखांवर तारखा.

यात एकही खलनायक नाही, आणि हे श्वाससारखं सुखाचं नाही. सरकारी वकील बाई कोर्ट सुटल्यावर लोकल पकडतात, पाळणाघरातून पोराला घेतात, घरी येऊन स्वयंपाकाला लागतात. गीतांजली कुलकर्णी यांना बघताना वाटतं, ही तर आपल्या डब्यात चौथ्या सीटवर बसणारी बाई. आणि हीच बाई सकाळी त्या म्हाताऱ्याला आत ठेवण्यासाठी जुन्या कायद्यांची कलमं घडाघडा वाचते. मृताची बायको साक्षीला येते आणि सांगते की गटारात हवा आहे की नाही हे तो झुरळं बाहेर येतात का यावरून ओळखायचा. मास्क नाही, बूट नाहीत. साध्या आवाजात, पगाराची तारीख सांगावी तसं सांगते.

हाताने मैला साफ करून घेण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ सालचा. गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला ३० लाखांची भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. म्हणजे माणसं अजून मरतायत. रस्त्यात मॅनहोलचं झाकण उघडं आणि बाजूला दोरी दिसली की आता माझे पाय अडखळतात.

पण कोर्ट बघायला बैठक लागते. कॅमेरा लांब, स्थिर. दृश्य संपलं असं वाटल्यावरही काही क्षण तिथेच थांबतो. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी, सगळं खऱ्या कोर्टासारखं मिसळलेलं. शेजारचा मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, हातातला फोन, यांत तो वाया जातो. एकट्याने, रात्री, दिवे घालवून बघा. मुलाला घेऊन रविवारी दुपारी नको.

राहिला किल्ला. अविनाश अरुण यांचा हा पहिला चित्रपट, छायाचित्रणही त्यांचंच. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात मुलांच्या विभागात २०१४ मध्ये पुरस्कार मिळाला, इथे जून २०१५ मध्ये आला. वडील गेल्यावर आईची बदली होते आणि चिन्मय पुण्याहून कोकणात येतो. नवी शाळा, नवी पोरं, बाहेर सतत पाऊस. घरात आई आपलं दुःख गिळून ऑफिसला जाते, आणि पोरगा आपलं दुःख गिळून शाळेत जातो. दोघं एकमेकांशी जेवणाखाण्यापलीकडे बोलत नाहीत. अमृता सुभाष यांची ती आई बघा. एका प्रसंगात मित्र त्याला पावसात किल्ल्यात एकट्याला सोडून निघून जातात. तो हाका मारतो. एवढंच.

फँड्री आपल्याला पकडून हलवतो. किल्ला तसं काही करत नाही, म्हणून आमच्यात काही लोक त्याला हळवा, सुंदर, पण हलका म्हणतात. मला ते पटत नाही. माणूस गेल्यावर घरात जी शांतता येते, तिच्याबद्दल मराठीत इतकं खरं मी पडद्यावर फार कमी पाहिलंय. मात्र तो आपल्यापासून लांबचा नाही, खासकरून या दोघांच्या बाबतीत. बाबा नाहीत, आई नोकरीला, गाव बदललेलं: सगळं तेच, फक्त दिशा उलटी. जखमेवर बोट ठेवल्यासारखं होईल का? श्वास मी याच भीतीने बाजूला सारला होता. फरक इतकाच की श्वासमध्ये आजारपण आहे, आणि किल्ला त्यानंतरच्या दिवसांचा आहे. ही दोघं आता त्याच दिवसांत आहेत.

बहिणीला सगळं आधी सांगितलं, कथेसकट. आयत्या वेळी धक्का देणं मला मान्य नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “लाव किल्ला. फँड्री दिवाळीच्या सुट्टीत बघू, तेव्हा चार दिवस राहायलाच येतो.”

काल बघितला. किल्ल्यातल्या पावसाच्या प्रसंगाला भाचा सोफ्यावरून उठला आणि खाली आईच्या पायाशी जाऊन बसला. सिनेमा संपल्यावर दिवा लावला, तरी कुणी बोललं नाही. मी चहा टाकायला गेले. आतून त्याचा आवाज आला, “आई, तुलापण इथे कोणी मैत्रीण नाहीये ना अजून?”

मी गॅस बारीक केला आणि तिथेच उभी राहिले.